७२ तास : कंडोम फाटला त्या रात्रीपासून

चिंचेचं_पान | शनिवार, रात्री ११:१०

डुआयडीने (दुसऱ्या, खोट्या नावाच्या खात्याने) लिहितोय. माझा खरा आयडी इथल्या पाककृतींच्या धाग्यांवर बऱ्यापैकी ओळखीचा आहे, तेवढं समजून घ्या.

मी गे आहे. वय ३६, मुक्काम पुणे. गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी रात्री, ज्याच्याशी दोन महिने अ‍ॅपवर बोलत होतो त्याच्या फ्लॅटवर गेलो. कंडोम होता. लुब्रिकंट नव्हतं. त्याने बाथरूममधून खोबरेल तेलाची निळी बाटली आणली आणि मीही काही बोललो नाही. नंतर बघितलं तर कंडोमची नुसती रिंग जागेवर, बाकी चिंधी. मी बॉटम (आत घेणारा) होतो.

तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, मी निगेटिव्ह आहे." शेवटची टेस्ट कधी केलीस? "लॉकडाऊनच्या आधी."

रात्री दीडला रिक्षात बसून मोबाइलवर शोधत होतो, तेव्हा 'पेप' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचला. संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या गोळ्या. रविवारी सकाळी एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "कोणाबरोबर?" मी खरं सांगितलं. त्याने पेनाचं टोपण लावलं. "असले उद्योग करायचेच कशाला? सोमवारी स्किनच्या ओपीडीला दाखवा." सोमवारी सकाळी एका सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला, तीन खिडक्या फिरलो. तिथे कळलं की ती औषधं स्टाफला सुई टोचली तर किंवा अत्याचाराच्या केसमध्ये देतात. शेवटी मित्राच्या ओळखीतल्या एका फिजिशियनने संध्याकाळी चिठ्ठी लिहून दिली. प्रश्न दोनच विचारले : किती तास झाले, आणि किडनीचा काही त्रास आहे का.

पहिली गोळी ४३ व्या तासाला घेतली. मेडिकलच्या शेजारी रसवंती होती, पाणी विकत घ्यायचंही सुचलं नाही, उसाच्या रसाबरोबरच गिळली. डबी ३० गोळ्यांची असते आणि दिवस २८, म्हणून दोन उरल्या. रोज रात्री ९ चा गजर लावला होता, त्याला नाव दिलं होतं 'आईचा फोन', म्हणजे ऑफिसात कोणी स्क्रीन बघितलं तरी चालेल. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी टेस्ट केली. दोन्ही निगेटिव्ह.

सांगायचं ते एवढंच, की मला एचआयव्हीची भीती नववीपासून होती. शाळेच्या भिंतीवरचा तो कवटीचा पोस्टर आजही डोळ्यांसमोर आहे. वीस वर्षं मी इमानेइतबारे घाबरलो, आणि ज्या रात्री गरज पडली त्या रात्री मला ना तेलाचं माहीत होतं, ना ७२ तासांचं. इथे माझ्यासारखे बरेच जण असणार. प्रश्न विचारा, माहिती असेल ती द्या. डुआयडी चालेल.

---

डॉ_खडीसाखर | शनिवार, रात्री ११:५२

धागा काढलात ते उत्तम केलंत. मी मेडिसिनवाला आहे, सोलापुरात प्रॅक्टिस.

७२ हा आकडा लोक एसटीच्या सुटण्याच्या वेळेसारखा धरतात. तसं नाही. विषाणू आधी गुदद्वाराच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो, तिथून जवळच्या लसिकाग्रंथींत, मग रक्तात. एकदा पेशीच्या जनुकांत जाऊन बसला की आजच्या घडीला तो काढता येत नाही. पेप ही त्याआधी पोचण्याची धडपड. दोन तासांत सुरू केली तर सोन्याहून पिवळं, ७२ नंतर उपयोग नाही. आधी एचआयव्हीची टेस्ट करतात ती आधीपासून संसर्ग नाही ना हे बघायला. तिच्या रिपोर्टसाठी गोळी थांबवून ठेवू नये.

एक बारीक गोष्ट चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही. हल्लीच्या एका-गोळीत-तीन-औषधं प्रकारात डोल्युटेग्रॅविर असतं. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या किंवा अँटासिड त्याच्या बरोबर घेतलं तर औषध आतड्यातच अडकतं, रक्तात नीट उतरत नाही. ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. ॲसिडिटी झाली म्हणून गोळीवर लगेच पांढरं गुलाबी औषध प्यायलेले रुग्ण मी पाहिलेत.

आणि तेल! खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, कोल्डक्रीम, तूपसुद्धा (हसू नका, ऐकलंय). तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं किंवा सिलिकोनचं लुब्रिकंटच हवं. दोन कंडोम एकावर एक चढवणारे शूरवीरही असतात, ते एकमेकांवर घासून फाटतात.

---

गणितमास्तर | रविवार, सकाळी ७:३०

विषय माझा नाही, आकडे माझे. एका वेळच्या संबंधात धोका नक्की किती असतो?

---

डॉ_खडीसाखर | रविवार, सकाळी ९:०५

जोडीदाराला एचआयव्ही आहे, उपचार नाहीत, कंडोम नाही असं धरून, सगळीकडे वापरला जाणारा अंदाज दर १०,००० वेळांमागे असा आहे : गुदमैथुनात बॉटमला १३८, टॉपला (आत घालणाऱ्याला) ११. योनीसंबंधात स्त्रीला ८, पुरुषाला ४. मुखमैथुनात इतका कमी की आकडा मांडणंच कठीण. तुलनेला, संसर्गित रक्त चढवलं तर ९,२५०.

हा फरक शरीररचनेचा आहे, चारित्र्याचा नाही. योनीचं अस्तर अनेक थरांचं असतं. मलाशयाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, त्याला स्वतःचा ओलावा पुरेसा नाही, आणि त्याच्या लगेच खाली सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींची दाटी. नेमक्या त्याच पेशी या विषाणूला हव्या असतात.

---

गणितमास्तर | रविवार, सकाळी ९:४०

म्हणजे एका वेळी १.३८ टक्के. लोक म्हणतील, अरे नगण्य! पण ५० वेळा धरा. प्रत्येक वेळी वाचण्याची शक्यता ०.९८६२, तिचा ५० वा घात काढला की उरतं साधारण ०.५. म्हणजे नाणेफेक. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या जोडप्याचं हे एक वर्ष झालं.

---

डॉ_खडीसाखर | रविवार, सकाळी १०:१५

बरोबर, पण हे सरासरीचं गणित आहे आणि सरासरी इथे फसवते. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो, ताप, पुरळ, घसा, फ्लूसारखं काहीतरी, आणि टेस्ट अजून निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा धोका कितीतरी जास्त. जोडीला गुप्तरोगाची जखम असेल तर आणखी. उलट नियमित औषध घेऊन रक्तातला विषाणू दबलेल्याकडून संबंधातून धोका शून्य. त्यामुळे "एकदाच तर केलं" याला अर्थ नाही आणि "केलं म्हणजे झालंच" यालाही नाही.

---

कॉलेजकट्टा | रविवार, दुपारी १:२०

माझ्या एका मित्रासाठी विचारतोय (खरंच मित्र आहे). तो दर सहा महिन्यांनी कॉलेजच्या शिबिरात रक्तदान करतो. म्हणतो, फुकटात एचआयव्ही टेस्ट होते, काही असेल तर ते फोन करतील.

---

गोधडी | रविवार, दुपारी १:३४

नको नको नको. त्या मित्राला आजच सांग.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीटीसीत (एचआयव्हीच्या सरकारी चाचणी-समुपदेशन केंद्रात) समुपदेशक आहे, चौदा वर्षं झाली. रक्तपेढीच्या टेस्टलासुद्धा विंडो पिरियड असतो. नुकता संसर्ग झालेल्याचं रक्त निगेटिव्ह निघून एखाद्या थॅलेसेमियाच्या पोराला चढू शकतं. वर डॉक्टरांनी दिलेला शेवटचा आकडा परत वाच. आमच्याकडे टेस्ट फुकटच आहे, नाव गुप्त राहतं, निकालाला फार वेळ लागत नाही. १०९७ या टोल फ्री नंबरवर जवळचं केंद्र सांगतात. रक्त देणं पुण्याचं काम आहे, पण त्याला स्वतःच्या टेस्टचा जुगाड करायचा नाही.

आता या विषयावर आलेच आहे तर लिहितेच. आमच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लाकडी प्रात्यक्षिक मॉडेल असतं, ते मी ड्रॉवरमध्ये ठेवते कारण वर ठेवलं की पेशंट माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघतो. चाचणीच्या आधी विचारायचं असतं की संबंध कोणाशी आला. तरणा मुलगा येतो, मान खाली, म्हणतो "बाईकडे गेलो होतो." मी लिहून घेते. मग कंडोमचं सांगताना तो हळूच विचारतो, "मॅडम, मागून केलं तर पण होतो का?" मला कळतं. बाईकडे जाणं त्याला सांगता येतं, पुरुषाकडे जाणं नाही. रजिस्टरमध्ये त्याचा धोका चुकीच्या रकान्यात जातो, आणि मी नीट ऐकलं नाही तर सल्लाही चुकीचाच देणार.

दुसरा एक समज अजून जिवंत आहे : "एड्स बायांकडून होतो, म्हणून मी पुरुषांबरोबरच करतो." हे मी एकदा नाही, पुष्कळदा ऐकलंय. आमच्याच खात्याच्या जुन्या पोस्टरांवर नेहमी एक ट्रकवाला आणि एक बाई असायची. लोकांनी जे दिसलं ते घेतलं, त्यांचा काय दोष.

---

सह्याद्री७७ | रविवार, दुपारी ४:०२

वैद्यकीय चर्चा ठीक आहे, पण मूळ कारणाबद्दल कोणीच बोलत नाही. निसर्गाच्या विरुद्ध गेलं की किंमत मोजावी लागते. एकनिष्ठ राहा, कसलीच गोळी लागत नाही. कटू बोलतोय, पण सत्य आहे.

---

चिंचेचं_पान | रविवार, दुपारी ४:२०

काका, माझ्या कंडोमच्या चिंध्या तेलाने केल्या. निसर्गाने नाही.

---

गोधडी | रविवार, दुपारी ४:४१

सह्याद्री७७, एकनिष्ठ राहिलेल्या आणि आयुष्यात एकाच माणसाशी संबंध आलेल्या किती बायकांना मी पॉझिटिव्ह रिपोर्ट वाचून दाखवलाय ते एकदा माझ्या खुर्चीत बसून बघा. त्यांच्या एकनिष्ठेत काय कमी होतं?

---

टीएनडी | रविवार, रात्री ९:१५

रोमात (नुसता वाचत) होतो, बाहेर येतो. आयडीचा अर्थ : व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती, त्या टेस्टच्या) रिपोर्टवर माझं जे येतं ते, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. आमच्यात कोणी "लोड किती?" विचारलं की आम्ही "टीएनडी" म्हणतो आणि पुढे चहा मागवतो.

डिसेंबर २०१३ ला पॉझिटिव्ह निघालो. त्याच महिन्यात, ११ तारखेला, सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवून समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. एकाच महिन्यात आजारीही ठरलो आणि गुन्हेगारही. सीडी४ आले ६१२. तेव्हाच्या नियमाने ३५० च्या खाली गेल्यावरच औषध. मला सांगितलं, "तब्येत छान आहे, सहा महिन्यांनी या." मी खूश होऊन घरी गेलो! साडेतीन वर्षं विनाऔषध. २०१७ मध्ये 'टेस्ट झाली की लगेच उपचार' असा नियम आला तेव्हा सुरू झालं. आधीच्या गोळीने रात्री इतकी विचित्र स्वप्नं पडायची की मी झोपायला घाबरायचो. नंतर नवीन गोळी आली, स्वप्नं बंद.

त्या साडेतीन वर्षांत मी कंडोम वापरत होतो. नेहमी? इथे खोटं बोलत नाही : बहुतेक वेळा. मला कोणी सांगितलंच नव्हतं की औषध फक्त माझ्यासाठी नसतं.

---

डॉ_खडीसाखर | रविवार, रात्री १०:०३

टीएनडी, तुमची पोस्ट वाचून जरा वेळ गप्प बसलो. २०११ मध्येच एचपीटीएन ०५२ या अभ्यासाचा निकाल आला होता : ९ देश, १,७६३ जोडपी, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. त्यातलं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं. म्हणजे हे ज्ञान ज्या शहरांत तयार झालं त्यात आपलंही शहर होतं, आणि नियम बदलायला सहा वर्षं लागली.

त्यात गे जोडपी नावापुरतीच होती, म्हणून शंका काढणारे होते. ती शंका युरोपातल्या पार्टनर-२ ने २०१९ मध्ये मिटवली. ७८२ गे जोडपी, एकजण पॉझिटिव्ह पण लोड २०० च्या खाली, कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध. जोडीदाराकडून लागण : शून्य. १५ जणांना त्या काळात एचआयव्ही झाला खरा, पण विषाणूची जनुकं जुळवून पाहिली तर तो बाहेरच्या कोणाकडून आलेला.

---

टीएनडी | रविवार, रात्री १०:२०

हेच अ‍ॅपवर कोणाला पटवून दाखवा. प्रोफाइलवर लिहिलेलं असतं 'फक्त क्लीन'. म्हणजे मी घाण. मी प्रामाणिकपणे "पॉझिटिव्ह, टीएनडी" लिहिलं की समोरचा ब्लॉक करतो आणि 'क्लीन' लिहिलेल्याकडे जातो, ज्याची टेस्ट चिंचेचं_पानच्या त्या माणसासारखी लॉकडाऊनच्या आधीची. निगेटिव्ह म्हणजे शेवटच्या टेस्टपर्यंत निगेटिव्ह, बस. माझ्यापासून धोका नाही हे मला लॅबने लिहून दिलंय. त्याला कोणी लिहून दिलंय?

---

टेम्सकाठी | सोमवार, पहाटे २:४०

इंग्लंडातून. इथे प्रेप २०२० पासून सरकारी आरोग्यसेवेतून फुकट मिळते. प्रेप म्हणजे आधीच घ्यायची गोळी, ज्याला एचआयव्ही नाही त्याने. मी सोहोतल्या ५६ डीन स्ट्रीटला जातो. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी, घशाचा आणि मागचा स्वॅब (तो स्वतःच घ्यायचा, भिंतीवर चित्र लावलंय), आणि मग डब्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा वेटिंगमध्ये टोपी डोळ्यांवर ओढून बसलो होतो की मंडळाच्या गणपतीतलं कोणी भेटलं तर. भेटलं! आमच्या ढोलपथकातला एकजण, तोही टोपी ओढून. आता आम्ही अपॉइंटमेंट बरोबर घेतो.

भारतात काय परिस्थिती आहे? दर वर्षी दोन महिने घरी येतो, डब्या इथूनच आणतो.

---

डॉ_खडीसाखर | सोमवार, सकाळी ८:५०

टेम्सकाठी, ज्या औषधाची डबी तुम्ही तिकडून आणता ते जेनेरिक बहुधा इकडचंच असेल, उलटा प्रवास :)

भारतात प्रेप डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. नॅकोची (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) प्रेपबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. औषध : टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ आणि एमट्रिसिटाबीन २०० मिग्रॅ, एका गोळीत. नियमित घेतली तर संबंधातून होणारा संसर्ग सुमारे ९९ टक्के टळतो. 'नियमित' हा शब्द दोनदा वाचा. २०१० च्या पहिल्या मोठ्या अभ्यासात एकूण फायदा ४४ टक्केच दिसला, कारण निम्म्या लोकांच्या रक्तात गोळीचा पत्ताच नव्हता.

रोज नको असेल तर गे पुरुषांसाठी २-१-१ ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केली : संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या एकदम, त्या दोन गोळ्यांपासून २४ तासांनी एक, ४८ तासांनी एक. संबंध पुढेही चालू राहिले तर शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस होईपर्यंत रोज एक. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी ही पद्धत वापरायची नाही. म्हणून सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) बघायचंच, आणि एचआयव्हीची टेस्ट दर तीन महिन्यांनी. आधीच संसर्ग असेल आणि तुम्ही प्रेप घेत बसलात तर दोनच औषधांनी अर्धवट मार खाल्लेला विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो.

चिंचेचं_पान, तुमच्या उरलेल्या दोन गोळ्या २-१-१ साठी ठेवल्या असतील तर टाकून द्या. ते वेगळं मिश्रण आहे.

---

चिंचेचं_पान | सोमवार, सकाळी ९:२२

कसं ओळखलंत! :( टाकतो.

---

टेम्सकाठी | सोमवार, दुपारी ३:१५

सहा महिन्यांतून एकदा टोचायचं लेनाकापाव्हिर पण आलंय. गे आणि ट्रान्स लोकांमधल्या अभ्यासात ते घेतलेल्या २,१७९ जणांपैकी दोघांनाच एचआयव्ही झाला. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत मंजुरी. किंमत ऐकून चक्कर येते, पण हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. ज्याला घरात गोळ्यांची डबी ठेवायची चोरी आहे त्याच्यासाठी हे वरदान. आपल्याकडे आई कपाट आवरते हो.

---

रोमातला_एक | सोमवार, रात्री ११:४८

नवीन आयडी. चुकलं तर माफ करा.

साताऱ्याकडचा आहे. लग्नाला चार वर्षं. बायकोला काही माहीत नाही. मूल व्हावं म्हणून डॉक्टरांकडे चालू आहे. कामासाठी पुण्याला जातो तेव्हा वर्षातून दोन-तीनदा असं होतं. पाच आठवड्यांपूर्वी झालं, कंडोम नव्हता. मी टॉपच असतो, त्यामुळे मला काही होत नाही असं वाटत होतं. वरचे आकडे वाचले आणि झोप उडाली. आता पेप घेऊ का? आणि खाली एक छोटा फोड आलाय, दोन आठवडे झाले. दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

---

डॉ_खडीसाखर | मंगळवार, सकाळी ६:५५

पेपची वेळ गेली. घाबरू नका, टॉपचा धोका कमी असतो, शून्य मात्र नाही. ३५ दिवस झालेत, तेव्हा चौथ्या पिढीची एचआयव्ही टेस्ट आता करा, ४५ दिवस झाल्यावर पुन्हा करा. साधी रॅपिड टेस्ट असेल तर तीन महिन्यांनीही.

पण मला काळजी त्या फोडाची आहे. न दुखणारा, आपोआप सुकत जाणारा फोड म्हणजे सिफिलिस असू शकतो. तो टॉप-बॉटम बघत नाही. व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ताची टेस्ट) आजच करा. फोड गेला म्हणजे आजार गेला असं होत नाही, तो आत जातो. आणि बायकोबरोबर निकाल येईपर्यंत कंडोम किंवा काहीच नाही.

---

रोमातला_एक | मंगळवार, सकाळी ७:१०

मूल हवंय म्हणून चालू आहे. कंडोमचं काय कारण सांगू?

---

सह्याद्री७७ | मंगळवार, सकाळी ७:४२

याला म्हणतात निर्लज्जपणा. एका निष्पाप मुलीचं आयुष्य बरबाद करताय आणि इथे कारणं विचारताय!

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ८:३०

मला पहिल्यांदाच सह्याद्री७७ शी थोडं सहमत व्हावंसं वाटतंय आणि त्याचाच राग येतोय. रोमातला_एक, तुमची कोंडी कळते. तुम्ही गे आहात यावर कोणाचा आक्षेप असू नये. पण इथे सगळे तुमच्या झोपेबद्दल बोलतायत. ती मुलगी दर महिन्याला सोनोग्राफीला जातेय, इंजेक्शनं घेतेय, आणि तिच्या अंगात काय जातंय हे तिला सोडून या धाग्यावर सगळ्यांना माहीत आहे.

---

गोधडी | मंगळवार, सकाळी ९:५०

शेवंतीताई, बरोबर बोललात. तरी मी आधी त्याला टेस्टपर्यंत नेईन. दरवाज्यातच झापलं तर तो परत येत नाही आणि मग तिच्यापर्यंतही कोणी पोचत नाही. हे अनुभवाने शिकलेय, पुस्तकातून नाही.

रोमातला_एक, भाऊ, ऐका. "मला जखम झालीय, डॉक्टरांनी काही दिवस थांबायला सांगितलंय" हे खोटं नाही, खरंच आहे. तेवढं आज सांगा. आज दुपारच्या आत जिल्हा रुग्णालयात जा, आयसीटीसी आणि गुप्तरोग विभाग दोन्हीकडे. गावात ओळखीचं भेटेल असं वाटत असेल तर पुण्याला जा. समुपदेशकाला "बाईकडे गेलो होतो" सांगू नका, खरं सांगा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची संमती घेणं आणि माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा ३७७ चा निकाल ६ ला लागला. चार दिवसांच्या अंतराने दोन्ही कुलपं निघाली, तरी तिथे कोणी नाक मुरडलंच तर समपथिक ट्रस्ट पुण्यात २००२ पासून आहे, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून. ते माणूस बरोबर देतात.

---

टीएनडी | मंगळवार, सकाळी १०:०५

भावा, जा. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. हवं तर मी पुण्यात बरोबर येतो, बाहेर बाकावर बसेन. मला त्या बाकांची सवय आहे.

---

संपादक | मंगळवार, दुपारी १२:००

वैयक्तिक शेरेबाजीचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा वाचनमात्र करायला लावू नका.

---

कॉलेजकट्टा | बुधवार, संध्याकाळी ६:१०

मित्राने टेस्ट केली. निगेटिव्ह. शिबिराला आता जाणार नाही म्हणाला. (मित्र मीच होतो. तुम्हाला कळलंच असेल.)

---

गोधडी | बुधवार, संध्याकाळी ६:२५

पहिल्या वाक्यालाच कळलं होतं रे बाळा. हिपॅटायटिस बीची लस घेतलीस का? ती पण विचारून घे.

---

रोमातला_एक | शुक्रवार, रात्री १०:३०

परवा पुण्याला गेलो होतो. टीएनडी दादा बरोबर होते, नाव अजून माहीत नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. कॅन्टीनला दोन वडापाव खाल्ले त्यांनी, मला एकही गेला नाही.

एचआयव्ही निगेटिव्ह आली, पुन्हा करायची आहे. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. आज पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली, दोन्ही बाजूंना एकेक, नीट बसता येत नाही. एसटीत साताऱ्यापर्यंत उभा राहून आलो, जागा असून. कंडक्टर म्हणाला बसा की राव.

डॉक्टर म्हणाले बायकोचीही तपासणी करावी लागेल, उपचारही. दिवस राहिले आणि हे राहून गेलं तर बाळाला होतं. मी विचारलं तिला नुसती गोळी दुधातून वगैरे देता येईल का. ते म्हणाले नाही, तिला आणा, तिला सांगून आणा.

---

शेवंती | शुक्रवार, रात्री १०:५८

परवा कडक बोलले. मागे घेत नाही, पण तुम्ही गेलात हे बरं केलंत.

---

गोधडी | शुक्रवार, रात्री ११:०४

एकदम सगळं सांगायची गरज नाही. आधी आजाराचं सांगा, तो तिचा हक्क आहे. बाकीचं सांगायला तिथली समुपदेशक खोलीत बसेल, तुम्ही म्हणालात तर. तिने काही विचारलं आणि तुम्हाला बोलता आलं नाही तर गप्प बसा, पण नवीन खोटं रचू नका. ते निस्तरताना आमच्या नाकी नऊ येतात.

---

रोमातला_एक | रविवार, रात्री ९:४०

आज संध्याकाळी ती भांडी घासत होती तेव्हा सांगितलं, मला एक आजार निघालाय, तुलापण टेस्ट करायला लागेल. तिने नळ बंद केला. विचारलं, कुठून आला? मी गप्प बसलो. बराच वेळ. मग तिने परत नळ चालू केला आणि म्हणाली, उद्या किती वाजता निघायचं.

साडेसातची गाडी आहे.